आपपरभाव

नाशिक क्षेत्रास आलेला यात्रेकरू रामकुंडावर स्नान करितो, काळारामाचें दर्शन घेतो आणि मग सीतागुंफेकडे वळतो. तेथें त्यास जी कथा ऐकावयास मिळते ती प्रत्येक मराठी मुलास आजीच्या मांडीवरच ठाऊक झालेली असते. लक्ष्मणानें पर्णकुटीपुढें एक रेषा ओढली. रेषेच्या आंत तें आपलें, बाहेर तें परकें. आणि वैरी आला तो वैऱ्याच्या रूपानें आला नाहीं. ज्यास दार उघडणें हा गृहस्थाचा धर्म, अशा भिक्षुकाच्या रूपानें आला. वाल्मीकींच्या काव्यांत ही रेषा नाहीं, ती मागाहूनच्या परंपरेनें ओढिलेली आहे. परंतु लोकांनीं ती इतक्या आस्थेनें जपिली, ह्यावरूनच तिच्यांत मनुष्याच्या अनुभवाचा कांहीं अंश असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

ह्याच नाशिकपासून सुमारें अठरा मैलांवर त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांची समाधि आहे. पौष वद्य एकादशीस तेथें जमणारा वारकरी जी शिकवण घेऊन घरीं परततो, ती ह्या रेषेच्या अगदीं उलट दिसते. भूतमात्रांत एकच तत्त्व नांदत आहे, सबब आपला आणि परका हा भेद अज्ञानाचा होय, असें त्या परंपरेचें सांगणें. एक स्थान म्हणतें रेषा ओढा. दुसरें म्हणतें ती पुसा. आम्ही लहानपणापासून दोन्ही ठिकाणीं सारख्याच भक्तीनें हात जोडीत आलों आणि दोहोंतील विरोध आम्हांस कधीं टोंचला नाहीं. तो टोंचला एका आजारी मुलाच्या घरच्या उंबरठ्यावर.

आमच्या परिचयाच्या एका घरांत पहिले दोन मुलगे वर्षाच्या आंत गेले. मधली मुलगी मात्र ठणठणीत होती. तिसरा मुलगा झाला तेव्हां आजीनें त्याचें नांव धोंडू ठेविलें व त्याचें नाक टोंचून घेतलें. ज्या घरांत मुलें जगत नाहींत त्या घरांत धोंडू, दगडू, केरू अशीं नांवें ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. मूल कोणास हवेंसें वाटूं नये, दगडाप्रमाणें टाकाऊ वाटावें, म्हणजे मृत्यूची नजर त्याकडे वळणार नाहीं, हा त्यामागचा भाबडा हिशेब. शिरस्त्याप्रमाणें जन्मतःच मुलास क्षयप्रतिबंधक बीसीजी लस टोंचण्यांत आली. तिसऱ्या महिन्यांत डाव्या काखेंत गांठ आली, ती फुटून वाहूं लागली. तोंड पांढऱ्या चट्ट्यांनीं भरलें. हगवण थांबेना आणि वजन वाढेना. शेजारपाजारच्या बायका कुजबुजूं लागल्या. सासू सुनेस प्रत्यक्ष कांहीं बोलत नसे, भेटावयास येणाऱ्यास एवढेंच म्हणे, "आमच्या घराण्यांत असें कधीं नव्हतें हो!" ह्या एका वाक्यांत केवढा आरोप सांठविलेला आहे, हें सांगावयास नको.

शेवटीं मुंबईस रक्ताची तपासणी झाली, आणि डॉक्टरांनीं सांगितलें कीं, ह्या मुलास प्रतिकारशक्ति जवळजवळ मिळालेलीच नाहीं. जी लस कोट्यवधि बालकांस तारते, तिच्यांतील निर्बळ केलेले जंतूही त्यास भारी झाले आहेत. त्याच्या दोन भावांचा अंतही बहुधा ह्याच कारणानें झाला असावा. हा दोष आईच्या दोन गुणसूत्रांपैकीं एकांत असतो. मुलीस तो मिळाला तरी बापाकडून आलेलें दुसरें गुणसूत्र तिला सांवरून घेतें. मुलास तसें दुसरें नसल्यामुळें तो उघडा पडतो. मातेच्या वागणुकीशीं, व्रतांशीं वा नवसांशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. हें ऐकून ती माउली प्रथमच मोठ्यानें रडली, असें आम्हांस मागाहून कळलें. आम्हीं स्वतः तिला पूर्वीं एकदां अमुक देवीचा नवस करून पाहा, असें सुचविलें होतें. त्या सूचनेंत तिच्याकडून कांहीं तरी राहून गेलें आहे असा ठपका होता, हें आमच्या तेव्हां ध्यानांत आलें नव्हतें.

पुढें त्या घरानें दार लावून घेतलें. भेटीगांठी बंद, बारसें नाहीं, देवदर्शन नाहीं. आम्ही एके दिवशीं विचारपूस करावयास गेलों असतां त्या बाईंनीं आम्हांस उंबरठ्यावरच थांबविलें. आम्हांस राग आला. इतक्या वर्षांचा घरोबा, आणि दारांतून परत पाठविणें! त्या वेळीं आम्हांस खोकला होता. घरीं परतल्यावर पुष्कळ वेळानें हें आमच्या लक्षांत आलें, आणि सीतागुंफेंतील कथेंत आमची जागा कोणती ह्याचा उलगडा झाला. संकट हितचिंतकाच्या वेषांत दारीं येतें, आणि कित्येकदां हितचिंतकास स्वतःसही तें ठाऊक नसतें.

तेव्हांपासून जो प्रश्न आमच्या मनांत घर करून बसला तो असा: आपपरभाव हा दोष कीं गुण? संतांनीं जो टाकावयास सांगितला, तोच ज्याच्या शरीरांत नव्हता तें मूल मरणाच्या दारीं पडलें होतें. मग शरीराचा धर्म एक आणि आत्म्याचा दुसरा, असें समजावयाचें काय? पुष्कळजण असें म्हणून मोकळे होतात. परंतु ज्यास आपल्या विचारांच्या घरांत अशा दोन चुली मांडावयाच्या नाहींत, त्यास हें उत्तर पुरेसें वाटणार नाहीं. म्हणून शरीर खरोखर काय करितें, हें आधीं पाहूं.

शरीर स्वतःस कसें ओळखतें हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं बराच उशीरा विचारला. १९०८ सालचें नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ व एर्लिख ह्यांस विभागून मिळालें, तेव्हां शत्रूस गिळणाऱ्या पेशी आणि शत्रूस निकामी करणारीं रक्तांतील द्रव्यें ह्या दोहोंचा शोध लागलेला होता. परंतु हें सैन्य आपल्याच राज्यावर कां तुटून पडत नाहीं, हें कोडें उरलेंच होतें. शरीरास स्वतःवर विषप्रयोग करण्याची जणूं घोर भीति वाटते, अशा शब्दांत एर्लिखनें त्याचें वर्णन केलें. पण वर्णन म्हणजे कारण नव्हे. पुढें ऑस्ट्रेलियांतील बर्नेट ह्यांनीं तर्कानें आणि इंग्लंडांतील मेडॉवर ह्यांनीं प्रयोगानें असें दाखविलें कीं, शरीराचा आपपरभाव हा शिकलेला असतो. जन्मापूर्वींच ज्या उंदरांच्या अंगांत परक्या उंदराच्या पेशी घातल्या, ते मोठेपणीं त्या परक्याची कातडी आपलीच म्हणून बाळगूं लागले. ह्या कार्याबद्दल दोघांस १९६० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्या शिक्षणाची मुख्य शाळा छातीच्या हाडामागें असलेल्या थायमस नांवाच्या ग्रंथींत भरते. तेथें कोंवळ्या श्वेतपेशींपुढें शरीराच्या निरनिराळ्या भागांच्या खुणा मांडल्या जातात, आणि जी पेशी स्वकीयांवर शस्त्र उगारते तिला तेथेंच मरण येतें. बहुसंख्य विद्यार्थी ह्या शाळेंतून बाहेर पडतच नाहींत. म्हणजे शत्रूवर चालून जाण्यापूर्वीं आपल्यांस न मारण्याची परीक्षा उतरावी लागते, हा शरीराचा पहिला नियम.

ही व्यवस्था कोठें कोठें उणी पडूं शकते, ह्याची ओळख १९५२ सालापासून होऊं लागली. त्या वर्षीं अमेरिकेंतील ब्रूटन ह्या लष्करी डॉक्टरांनीं आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यास पुनः पुनः न्यूमोनिया व रक्तांतील जंतुदोष होई; त्याच्या रक्तांत गॅमा ग्लोब्युलिन हें रक्षक द्रव्य मुळींच नाहीं असें आढळून आलें. आज अशा उपजत उणिवांचे शेंकडों प्रकार ज्ञात आहेत. त्यांतील अत्यंत उग्र प्रकार आमच्या परिचयाच्या मुलास झालेला होता. ह्याच प्रकारच्या रोगानें पीडित असा एक मुलगा १९७१ सालीं अमेरिकेंत जन्मला व ह्यूस्टन शहरीं त्यास जंतुरहित प्लॅस्टिकच्या खोलींत ठेवण्यांत आलें. बारा वर्षें आईचा हात त्यास हातमोज्याआडूनच लागला. १९८३ सालीं त्यास बहिणीची अस्थिमज्जा देण्यांत आली. त्या मज्जेंत एपस्टाइन-बार नांवाचा विषाणु निपचित पडून होता. बहिणीच्या शरीरांतील पहाऱ्यामुळें त्यानें तिला कांहींच उपद्रव दिला नव्हता. भावाच्या शरीरांत पहाराच नसल्यामुळें त्यानें पेशींची बेसुमार वाढ घडवून आणिली, आणि १९८४ सालीं तो मुलगा कर्करोगानें गेला. संसर्ग आणि कर्करोग ह्यांस आपण दोन निराळीं संकटें मानितों. पहारा उठला म्हणजे तीं दोन्ही एकाच दारानें कशीं आंत येतात, हें ह्या एका अल्पायुषी चरित्रांत दिसून येतें.

येथवर आश्चर्य वाटण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. पहारेकरी नाहीं तेथें चोर शिरावयाचाच. खरें आश्चर्य पुढेंच आहे. ज्यांची प्रतिकारशक्ति दुबळी असते, त्यांच्यांतील पुष्कळांची ती दुबळी शक्तीच त्यांच्यावर उलटते. ज्यांच्या रक्तांत रोगजंतूंविरुद्ध पुरेशीं प्रतिद्रव्यें तयार होत नाहींत, त्यांच्याच रक्तांत कधीं कधीं स्वतःच्या तांबड्या पेशींचा किंवा रक्त गोठविणाऱ्या कणांचा नाश करणारीं प्रतिद्रव्यें सांपडतात. दुबळ्या राजानें परचक्रापुढें शरण जावें आणि त्याच वेळीं आपल्या प्रजेवर तलवार चालवावी, तसा हा प्रकार. ह्याचें कारण असें कीं, मारणाऱ्या पेशी आणि आवरणाऱ्या पेशी ह्या एकाच कुळांतल्या आहेत. कुळास कीड लागली म्हणजे मारणेंही बिघडतें आणि आवरणेंही. जपानांतील साकागुची ह्यांनीं अशा आवरणाऱ्या पेशी ओळखून काढिल्या, आणि अमेरिकेंतील ब्रंको व रॅम्सडेल ह्यांनीं त्यांच्या मुळाशीं असलेल्या जनुकाचा पत्ता लाविला. हें जनुक ज्या बालकांत सदोष असतें त्यांचीं आंतडीं, त्वचा व इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी ह्यांवर त्यांचेंच सैन्य तुटून पडतें. ह्या तिघांस २०२५ सालचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

कर्कपेशीची गोष्ट ह्याहून अवघड. ती पुरती परकी नसते आणि पुरती आपलीही राहिलेली नसते. ती आपल्याच घरांत जन्मलेली, आपलेंच नांव सांगणारी, पण सर्व मर्यादा झुगारलेली असते. अशा पेशी शरीरांत वारंवार उपजत असाव्यात आणि शरीराचा पहारा त्यांस वेळींच खुडून टाकीत असावा, असें एर्लिखनें १९०९ सालींच सुचविलें होतें. ज्यांना दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलें आहे, आणि म्हणून ज्यांची प्रतिकारशक्ति औषधांनीं मुद्दाम दडपून ठेवावी लागते, अशा रोग्यांत त्वचेचे व लसीकापेशींचे कर्करोग अधिक आढळतात. ह्यावरून त्या तर्कास पुष्टि मिळते. कित्येक कर्करोग तर शरीरानें स्वतःस घातलेल्या लगामाचाच आडोसा घेतात. हा लगाम सैल करून कर्करोगावर मात करण्याचा मार्ग ॲलिसन व होन्जो ह्यांनीं दाखविला व त्यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु लगाम सैल केलेले घोडे शत्रूस तुडवूनच थांबतात असें नाहीं; ह्या उपचारानें कित्येक रोग्यांचीं आंतडीं, त्वचा व थायरॉइड ग्रंथि ह्यांवर स्वकीयांचाच हल्ला होतो.

तात्पर्य, संसर्ग, आत्मघात आणि कर्करोग हीं एकाच बिघाडाचीं तीन फळें होत. आपण प्रतिकारशक्तीस मारण्याची शक्ति समजतों. पण ती त्याहून अधिक ओळखण्याची व आवरण्याची शक्ति आहे. जो शरीरधर्म दाखवून कोणी म्हणेल कीं, 'पाहा, निसर्गानेंच परक्याचा द्वेष करावयास शिकविलें आहे', त्यानें हा ग्रंथ पहिल्या पानापुढें वाचला नाहीं, असेंच आम्ही म्हणूं.

आतां समाजाकडे वळूं. वळण्यापूर्वीं एक इशारा देणें अवश्य आहे. समाजास शरीराची उपमा देण्याची वहिवाट फार जुनी आहे. पुरुषसूक्तापासून ती चालत आली आहे, आणि कोणी मुख व कोणी पाय अशी वांटणी करून उच्चनीचभाव पक्का करण्याकडे तिचा शतकानुशतकें उपयोग झाला आहे. विसाव्या शतकांत जर्मनींतील एका राजवटीनें आपल्याच नागरिकांस जंतु म्हटलें, आणि मग जंतूंप्रमाणेंच त्यांस मारिलें. उपमा हें असें धारदार हत्यार आहे. मनुष्य हा कधींही जंतु नसतो, एवढें पक्कें ध्यानांत ठेवूनच तें हातीं घ्यावें.

आपल्या नाशकांतच एका घटनेची खूण उभी आहे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे आघाडीचे कार्यकर्ते होते. त्याच गोदावरीचें पाणी पिणारीं, त्याच रामाचें नांव घेणारीं माणसें वर्षानुवर्षें दाराबाहेर उभीं राहिलीं व दार उघडलें नाहीं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं ह्याच जिल्ह्यांतील येवलें येथें आंबेडकरांनीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें. पंचवटींतील दोन रेषा येथें शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. एक रेषा आंतल्यास वांचविण्याकरितां ओढिलेली. दुसरी, आपल्याच माणसास परका ठरविण्याकरितां. समाज आपल्या रक्षणाच्या नांवाखालीं स्वतःच्याच अवयवास खाऊं लागला, म्हणजे त्यास बळ म्हणावयाचें कीं रोग, हें वाचकांनींच ठरवावें.

दुसरें उदाहरण ह्याहून अलीकडचें. १९८१ सालीं अमेरिकेंत एक नवा रोग उजेडांत आला, तो तरुण माणसांत आढळलेल्या एका दुर्मिळ न्यूमोनियाच्या आणि एका दुर्मिळ कर्करोगाच्या रूपानें. पुढें त्यास एड्स हें नांव पडलें. भारतांत हा संसर्ग १९८६ सालीं प्रथम ओळखला तो मद्रासेंतील डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला ह्यांनीं. सुनीतिबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील. हा विषाणु शरीराच्या सेनापतीसच मारितो. मग क्षय, बुरशी व कांहीं जातींचे कर्करोग ह्यांस रान मोकळें होतें. परंतु त्या काळच्या रोग्यांस विषाणूइतकेंच माणसांनींही मारिलें. घरांतून काढून देणें, नोकरी सुटणें, दवाखान्यांत हात न लावणें, हें सर्व त्यांच्या वांट्यास आलें. ज्यांचा पहारा आधींच उठलेला, त्यांच्यावर समाजाचा पहारा तुटून पडला. सुनीतिबाईंनीं १९९३ सालीं आपल्या वडिलांच्या नांवानें संस्था काढून अशा रोग्यांस जवळ केलें. २०१७ सालीं अशा भेदभावास बंदी करणारा कायदा संसदेनें केला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला. त्याची गरज भासली, हीच गोष्ट त्या वर्तनाची साक्ष आहे.

येथें कोणी विचारील कीं, मग रेषा मुळीं ओढूंच नये काय? आमच्या परिचयाच्या त्या मातेनें दार लावलें, तें चुकलें काय? मुळींच नाहीं. तिनें आम्हांस थांबविलें तें आमचा खोकला पाहून. आमची जात, नातें वा प्रतिष्ठा पाहून नव्हे. खोकला बरा झाला असता तर तिनें आम्हांस पाट मांडून बसविलें असतें. काळारामाच्या दारीं उभ्या असलेल्या माणसांस मात्र आपला 'खोकला' बरा करण्याचा कोणताच उपाय ठेविलेला नव्हता. कारण त्यांचा अपराध त्यांच्या कृत्यांत नसून जन्मांत आहे, असें ठरून गेलें होतें. रक्षणाची रेषा आणि तिरस्काराची रेषा ह्यांतील अंतर आम्हांस एवढ्यावरूनच कळूं लागलें. पहिली रेषा 'काय घडेल' हें विचारते, दुसरी 'तूं कोणाचा' हें विचारते. पहिली तात्पुरती असते, दुसरी कायमची. पहिली ओढणाऱ्यास स्वतःसही बांधते, कारण ती माता वर्षभर स्वतःही घराबाहेर पडली नाहीं. दुसरी ओढणारा स्वतः मोकळा हिंडतो.

शरीराचा अनुभवही ह्याच बाजूस झुकतो. आपल्या अंगांत स्वतःच्या जितक्या पेशी आहेत, जवळजवळ तितकेच जंतु वस्तीस आहेत. आंतड्यांतील त्या परक्यांस शरीर हांकून देत नाहीं, किंबहुना त्यांच्या साह्यानें अन्न पचवितें. गर्भवती स्त्री अर्धा परका असा जीव नऊ महिने वागविते, आणि तिचें शरीर त्यास झिडकारीत नाहीं. हें कसें घडतें हा प्रश्न मेडॉवर ह्यांनीं १९५३ सालीं उपस्थित केला, व त्याचें उत्तर अजून तुकड्यातुकड्यांनीं मिळत आहे. १९९४ सालीं पॉली मॅट्झिंगर ह्या विदुषीनें असें मत मांडिलें कीं, शरीर मुख्यतः 'आपला कीं परका' हें पाहत नसून 'घातक कीं निरुपद्रवी' हें पाहतें. हें मत सर्वांस मान्य आहे असें नाहीं, व त्यावर वाद चालू आहे. परंतु एवढें निर्विवाद कीं, निरोगी शरीर प्रत्येक परक्याचा वैरी नसतें. संतांनीं टाकावयास सांगितला तो भेद. त्यांनीं विवेक टाकावयास कधींच सांगितलें नाहीं. ह्या दोन शब्दांची गल्लत आम्हीं केली होती, आणि म्हणूनच पंचवटी व त्र्यंबक ह्यांत आम्हांस विरोध दिसला.

परंतु ह्या विवेचनानें समाधान मानून थांबणें म्हणजे कर्तव्य टाळणें होईल. ज्याच्याजवळ स्वतःची रेषाच नाहीं, त्याचें रक्षण कोणी करावयाचें? एक घर वर्षभर दार लावून बसूं शकेल, जन्मभर नाहीं. अशा मुलास जिवंत जंतूंच्या लसी देतां येत नाहींत. म्हणून गोवरासारख्या रोगांपासून त्याचें रक्षण व्हावयाचें तें इतरांनीं लस घेतल्यानेंच. गोवराची सांखळी तुटावयास शंभरांतील सुमारें पंचाण्णव जण सुरक्षित असावे लागतात. सशक्त मुलाचा बाप जेव्हां 'आमच्या मुलास कांहीं होत नाहीं' म्हणून लस टाळतो, तेव्हां त्याचें म्हणणें कदाचित् खरेंही ठरेल. पण त्या न घेतलेल्या लशीचा दंड कोणत्या अनोळखी घरांत भरला जाईल, हें त्यास कधींच कळणार नाहीं. २०१५ सालच्या सिंहस्थांत आमच्या ह्या शहरानें अफाट जनसमुदाय पाहिला, आणि २०२७ सालीं तो पुनः पाहावयाचा आहे. इतक्या गर्दींत प्रत्येकजण दुसऱ्याच्या श्वासांत उभा असतो. तेथें स्वतःची प्रकृति ही केवळ स्वतःची बाब राहत नाहीं.

उलट बाजूही आहे. क्षयानें गांजलेल्या ह्या देशांत जन्मतःच लस देणें बहुसंख्यांच्या हिताचें आहे, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण त्या हिताचा भार एखाद्या निरपराध बालकावर पडतो, हेंही तितकेंच खरें. आकडेमोड करणारा म्हणेल कीं, लाखोंच्या रक्षणापुढें एकाचा विचार कशाला? आमच्या मतें नेमकें उलट आहे. ज्या नियमानें लाखोंचें कल्याण होतें आणि एकाचें नुकसान, त्या नियमाचा लाभ घेणारे सर्वजण त्या एकाचे ऋणी होतात. हें ऋण फेडण्याचा मार्गही उपलब्ध आहे. नवजात बालकाच्या टांचेंतील रक्ताच्या थेंबावरून हा दोष ओळखतां येतो, आणि अमेरिकेंतील सर्व राज्यांत अशी तपासणी होते. आपल्या देशांत ती अद्याप सार्वत्रिक नाहीं. मुंबईस परळ येथें केईएम रुग्णालयाच्या आवारांत राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था ह्या रोगांचें निदान करते. २०२१ सालीं केंद्र सरकारनें दुर्मिळ रोगांविषयीं राष्ट्रीय धोरणही जाहीर केलें. परंतु गांवांतील डॉक्टरनें, 'ह्या घरांत पूर्वीं मुलगे दगावले आहेत काय?' एवढा एक प्रश्न लस टोंचण्यापूर्वीं विचारिला, तरी कित्येक धोंडू वांचतील. त्या प्रश्नास पैसा लागत नाहीं.

ज्या रोग्यांच्या रक्तांत प्रतिद्रव्यें तयार होत नाहींत त्यांस तीन-चार आठवड्यांनीं तीं बाहेरून द्यावीं लागतात. हें औषध कोणत्याही कारखान्यास मुळापासून घडवितां येत नाहीं. हजारों दात्यांच्या रक्तांतील द्रव एकत्र करून त्यांतून तें वेगळें काढितात. कोणास लहानपणीं गोवर आलेला असतो, कोणीं लस घेतलेली असते, कोणीं एखादा ताप अंथरुणांत काढिलेला असतो. त्या साऱ्या अनोळखी माणसांच्या दुखण्यांची स्मृति एका कुपींत येऊन बसते आणि एका मुलाच्या शिरेंत उतरते. दाते कोणत्या जातीचे, कोणत्या गांवचे, हें कोणीं विचारीत नाहीं. विचारतात तें एवढेंच कीं, ह्यांत रोग तर नाहीं ना. भेद नाहीं आणि विवेक पुरता, असें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं.

आमच्या परिचयाच्या मुलास त्याच्या बहिणीची मज्जा जुळली. अशा रोगांत बहिणीच्या मज्जेनें भाऊ वांचल्याची घटना वैद्यकानें प्रथम १९६८ सालीं पाहिली होती. येथेंही तसेंच झालें, आणि आज त्याच्या शिरांतून फिरणाऱ्या श्वेतपेशी मूळच्या तिच्या आहेत. परक्या पेशी आपल्या झाल्या, आणि आपपर ओळखण्याचें काम त्याच आतां करीत आहेत. आजी त्यास अजून धोंडूच म्हणते. शाळेच्या पटावर नांव निराळें आहे. सून आणि सासू ह्यांच्यांत त्या जुन्या वाक्याविषयीं कधीं बोलणें झालें कीं नाहीं, हें आम्हांस ठाऊक नाहीं. त्या घराचें दार आतां उघडें असतें. आम्ही मात्र उंबरठ्यावर क्षणभर थांबतों, आपणांस खोकला नाहीं ना हें पाहतों, आणि मगच आंत पाऊल टाकितों.